डबीबरोबरची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात काही घरगुती कामासाठी आम्हांस हैदराबादेस जावे लागले. पंधरा दिवसांचा बेत करून गेलो आणि दीड महिना राहिलो. उतरलो होतो बरकतपुऱ्यात, आमच्या पत्नीच्या मावसबहिणीकडे. बरकतपुरा म्हणजे काचीगुड्याच्या स्टेशनापासून पायी गाठता येईल अशी वस्ती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळी जालना, परभणी, नांदेड करीत येणाऱ्या आगगाडीने कितीतरी मराठी कुटुंबे ह्या भागात आली व येथलीच होऊन राहिली. त्यांच्या घरी मराठी अजून नांदते आहे, थोडी दखनी मिसळलेली, पण नांदते आहे.

त्या घरी सात वर्षांची एक मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. जागरण झाले असेल, डास चावला असेल, असे म्हणता म्हणता पाय सुजले, पोट फुगले. तपासणीत कळले की मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्तातील प्रथिन लघवीवाटे वाहून जात आहे. ह्या विकारास डॉक्टर नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. लहान मुलांत तो तितकासा दुर्मीळ नाही, आणि बहुतेक मुले त्यातून मोठी होताना बाहेरही पडतात. पण त्यावरचे औषध म्हणजे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. दुखणे उलटले की पुन्हा गोळ्या, आणि वारंवार उलटले तर महिनोन्‌महिने गोळ्या. ही गोळी सूज उतरविते खरी, पण शरीराचे पहारेकरीही झोपविते. त्यातून ह्या रोगात प्रथिनाबरोबर रोगाशी झुंजणारी द्रव्येही लघवीवाटे निघून जातात. म्हणजे घराचे दार मोडके आणि राखणदार पेंगुळलेला, अशी त्या बालकाची अवस्था असते.

मुलीच्या आईची शिस्त पाहून आम्ही थक्क झालो. रोज सकाळी मुलीची लघवी काचेच्या नळीत घ्यावयाची, ती लहानशा दिव्यावर तापवावयाची, आणि गढूळली की नाही ते पाहून वहीत मांडावयाचे. दोन वर्षांत एक दिवसही खाडा नाही. आम्ही त्या वह्या चाळल्या. एखाद्या दुकानदाराची रोजकीर्दही इतकी नेटकी नसेल. पण वाचकहो, आता सांगावयाचे ते सांगून टाकतो. ज्या घरी मुलीची लघवी रोज उकळून पाहिली जात होती, त्या घरी तिचे पिण्याचे पाणी मात्र उकळले जात नव्हते. नळ एका दिवसाआड येई, पाणी जमिनीखालच्या टाकीत साठे, तेथून वर चढे, आणि फडक्यातून गाळून माठात पडे. “शहराचे पाणी आहे, क्लोरीन घालूनच देतात,” असे घरधनी म्हणत, आणि आम्हीही मान डोलावीत असू.

आम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मुलीस जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे, दिवसांतून आठ-दहा वेळा. आजीबाईंनी निदान केले, “जंत झालेत.” जंताची गोळी झाली, डाळिंबाची साल उगाळून झाली. आजीबाई एरंडेलाची बाटलीही काढीत होत्या, ती आईने हातातून घेतली हे बरे झाले. जुलाब होणाऱ्या पोरास आणखी रेच देणे म्हणजे गळक्या घागरीस दुसरे भोक पाडणे होय. आठ दिवसांनी गल्लीतल्या डॉक्टरांनी शौच तपासून आणावयास सांगितले.

ती डबी घेऊन प्रयोगशाळेत गेलो ते आम्ही. निघताना आजीबाई दारापर्यंत आल्या. “पाहुणे, तिथे आजाराचं काही बोलू नका हं,” त्या हळूच म्हणाल्या. “गल्लीतलीच माणसं आहेत. मुलीची जात आहे. उद्या कोणी तोंडावर म्हणेल, हिला लहानपणी मूत्रपिंडाचं दुखणं होतं.” आम्हांस ते वावगे वाटले नाही. आमच्याही गावात असेच म्हणतात. प्रयोगशाळेतल्या तरुणाने विचारले, मुलीला दुसरा काही आजार आहे काय, काही औषध चालू आहे काय? आम्ही म्हणालो, “नाही.” त्याने कागदावर ‘जुलाब’ एवढाच शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. कृमी नाहीत, अंडी नाहीत, आमांशाचे जंतू नाहीत. घरात सर्वांस हायसे वाटले. त्या ‘नाही’चे मोल पुढे बारा दिवस मुलीने भरले. एकोणीस किलोची पोर सतरावर आली. डोळे खोल गेले, ओठ सुकले, खेळणे सुटले. नेफ्रॉटिक मुलास जुलाब झाले की नुसत्या अशक्तपणाचे भय नसते. रक्तातले पाणी आटून रक्त गोठण्याचे व मूत्रपिंड बंद पडण्याचे संकटही असते. अखेर तिला तिच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंकडे मोठ्या रुग्णालयात नेले. बाईंनी तो कागद पाहिला आणि प्रथम एवढेच विचारले, “ह्यांना सांगितलं होतं का, मुलगी कोणत्या गोळ्या घेते ते?” कोणी काही बोलेना. तेव्हा आम्हांसच बोलावे लागले. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कागद खोटा नाही. जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. आपण विचारलंच नाही.”

बाईंनी पुन्हा शौच पाठविले, पण ह्या वेळी तीन निरनिराळ्या दिवसांचे, आणि सोबत चिठ्ठी: मुलगी अमुक रोगाची, अमुक गोळी इतके महिने घेते, खास रंग देऊन पाहावे. क्षयाचे जंतू पाहण्यासाठी जो लाल रंग वापरतात, त्याचीच थोडी बदललेली रीत ह्या कामी वापरतात. आमची उत्सुकता पाहून तेथल्या डॉक्टरांनी आम्हांस सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. फिकट निळ्या अंगणात लालभडक गोल मणी सांडावेत तसे ते दिसत होते. रक्तातील तांबड्या पेशीहूनही ते लहान. रंग न देता पाहिले असते तर आम्हांसच काय, घाईत असलेल्या जाणकारासही ते कवडीच्या बुरशीपेक्षा निराळे वाटले नसते.

ह्या परोपजीवीचे नाव क्रिप्टोस्पोरिडियम. हा जंत नव्हे. हा एकपेशीय जीव आहे, आणि म्हणूनच जंताच्या गोळीने त्याचे केसही वाकडे होत नाहीत. अमेरिकेतील टिझर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०७ साली तो उंदराच्या जठरात प्रथम वर्णिला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे तो जनावरांचाच रोग समजला जात असे. मनुष्यात तो सापडल्याची पहिली नोंद १९७६ ची. त्यांपैकी एक रुग्ण अमेरिकेतल्या एका खेड्यातील तीन वर्षांची मुलगी होती. तिला जुलाब झाले आणि सुमारे दोन आठवड्यांत ती आपोआप बरी झाली. ह्या गोष्टीतच सर्व मर्म आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या बालकात हा जीव पाहुण्यासारखा येतो आणि पंधरा दिवसांत निघून जातो. जिथे प्रतिकारशक्ती दबलेली, तिथे तो बिऱ्हाडकरू होऊन बसतो. त्याची काही अंडी जाड कवचाची असतात, ती शौचावाटे बाहेर पडतात. काहींचे कवच पातळ असते, ती आतड्यातच फुटून नव्याने रोग चालू करतात. बाहेरून एकही जंतू न येता दुखणे महिनोन्‌महिने चालते ते अशाने.

आणि क्लोरीन? घरधन्यांचा सर्व भरवसा त्याच्यावर होता. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात शुद्ध केलेल्या, क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून हाच रोग पसरला व सुमारे चार लक्ष माणसे आजारी पडली. जे दगावले ते बहुतेक आधीच प्रतिकारशक्ती गमावलेले होते. पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनने ह्या जाड कवचाचे काही बिघडत नाही. ह्याचा अर्थ आमच्या गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे सोडावे असा कोणी करू नये. पटकी व विषमज्वर तिच्याने अडतात. पण ह्या एका शत्रूपुढे ती निरुपयोगी आहे. त्याचे मरण उकळीत आहे. पाण्यास खळखळून उकळी फुटावी, एक मिनिटभर तशीच राहू द्यावी, आणि मग ते पाणी झाकून निवू द्यावे. एवढ्याने काम होते.

बरकतपुऱ्यातल्या त्या घरी रोग नळाने आला, शाळेतून आला, की दारच्या फळवाल्याकडून, हे कोणी सांगू शकले नाही. ह्या जीवाची मूठभर बीजेसुद्धा लागत नाहीत, अगदी थोडी पुरतात. आणि ती रोग्याच्या शौचातून बाहेर पडतात तीच रोग देण्यास सज्ज होऊन. म्हणून आजारी मुलाचे धुणे-पुसणे केल्यावर साबणाने हात न धुता दुसऱ्या मुलास भरविले, तर रोग घरातल्या घरात फिरतो. आमच्या शेतकरी वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. नुकत्या जन्मलेल्या, हगवण लागलेल्या वासरांतही ह्याच कुळातील जीव असतात. पोरांना वासराचे वेड असते, ते असू द्यावे. पण घरात असे नाजूक मूल असेल तर त्याला त्या दिवसांत गोठ्यापासून दूर ठेवावे.

बरकतपुऱ्याहून थोड्याच अंतरावर नल्लाकुंटा आहे. तेथील सरकारी ज्वर रुग्णालयास लोक अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. ‘क्वारंटाइन’चे हे हैदराबादी रूप. त्या संस्थेस सर रोनाल्ड रॉस ह्यांचे नाव आहे. ह्याच हैदराबादच्या जोडशहरात, सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जीव दिसला. त्यापूर्वी सुमारे दोन वर्षे ते डास चिरून पाहत होते आणि हाती काही लागत नव्हते, कारण डासाची जातच चुकीची होती. सूक्ष्मदर्शक तेच, डोळे तेच. संध्याकाळी त्या रस्त्याने फिरावयास जाताना आमच्या मनात आमची डबी आणि आमचे ते ‘नाही’ घोळत असे.

क्रिप्टोस्पोरिडियम हा काही एकटा नव्हे. जिआर्डिया आहे, सायक्लोस्पोरा आहे, सिस्टोआयसोस्पोरा आहे. ह्या शेवटच्यावर को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी चांगली चालते, पण त्यालाही ओळखावयास तोच खास रंग लागतो. आमच्या खेड्यांतील वाचकांस मात्र आम्ही दुसऱ्याच एका कृमीविषयी सांगू इच्छितो, कारण तो अनवाणी पायांतून शिरतो. स्ट्राँजिलॉइडिस हे त्याचे नाव. सुतासारखा बारीक, जेमतेम दोन मिलिमीटर लांब. ओल्या, घाण झालेल्या मातीतून त्याची पिले तळव्याच्या कातडीतून आत जातात आणि रक्तावाटे, फुप्फुसावाटे फिरून आतड्यात येतात. दुसरे कृमी आपल्या आयुष्याबरोबर संपतात. ह्याची प्रजा मात्र रोग्याच्या अंगातच पुन्हा शिरकाव करीत राहते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबविलेल्या युद्धकैद्यांपैकी कित्येकांच्या पोटात तो तीस-तीस वर्षांनंतरही सापडला. सबंध आयुष्यात त्याने थोडी पोटदुखी, थोडी खाज एवढाच त्रास द्यावा, आणि एक दिवस दमा, मूत्रपिंड वा दुसऱ्या कशासाठी प्रेडनिसोलोन सुरू व्हावे, की तो चेकाळतो. हजारोंनी पिले आतड्याची भिंत भेदून निघतात व आतड्यातील जंतू रक्तात ओढून नेतात. मग प्राणावर बेतते. शेतात अनवाणी हिंडणाऱ्या मुलास अशी गोळी सुरू होत असेल, तर आईबापांनी डॉक्टरांस आपणहून सांगावे: “आमचं पोर अनवाणी हिंडतं, आमच्याकडे अजून उघड्यावर जातात.” ऐकण्यास हे लाजिरवाणे वाटेल, पण डॉक्टरास हे एक वाक्य फार मोलाचे असते. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत व अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी गोल कृमींसाठी उत्तम आहे, ती मुलांस अवश्य द्यावी. पण स्ट्राँजिलॉइडिसास ती एकच मात्रा पुरत नाही. त्यास बहुधा आयव्हरमेक्टिन लागते, आणि ते किती व केव्हा द्यावे हे मुलाच्या वजनावर ठरते.

कोणी म्हणेल, आमच्या घरी मूत्रपिंडाचे दुखणे नाही, कर्करोग नाही, आम्हांस ह्याचे काय? तर बरकतपुऱ्याहून तासाभरात जाऊन येता येईल अशा तारनाक्यास राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला लहानशा रूपात सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादेस आली. भारतीय मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास हे तिचे मोठे काम. त्या अभ्यासाने आपल्या देशास जे शिकविले त्यातले एक हे की, पोटभर अन्न न मिळालेल्या मुलाची प्रतिकारशक्तीही उपाशीच असते. औषधाने दबलेली शक्ती थोड्यांची. अन्नावाचून दबलेली कितीतरी अधिक मुलांची. आणि येथे चक्र फिरते: मूल रोडावले म्हणून परोपजीवी टिकतो, परोपजीवी आतड्याचा शोषणारा थर खरवडतो, खाल्लेले अंगी लागत नाही, मूल आणखी रोडावते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. गगनदीप कांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील गरीब वस्त्यांतील मुलांमागे जन्मापासून वर्षानुवर्षे राहून ह्या क्रिप्टोस्पोरिडियमचा अभ्यास केला आहे. कोलकाता धरून आशिया-आफ्रिकेतील सात ठिकाणी झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीतही तान्ह्या मुलांच्या कडक जुलाबांच्या प्रमुख कारणांत तो आढळला. दांडग्या मुलाला पंधरा दिवसांत सोडणारा हा जीव रोडक्या मुलाला सोडीत नाही.

आणि एक वर्ग असा आहे की ज्याच्याविषयी घरात कुजबुजूनच बोलतात. आईबाप गेलेली, आजी-आजोबांनी वा कुठल्या आश्रमाने सांभाळलेली एच्‌.आय्‌.व्ही.ची मुले. सरकारी केंद्रांतून ह्या रोगावरची औषधे २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि ती नियमाने घेतली तर प्रतिकारशक्ती परतते व हे पोटातले बिऱ्हाडकरूही पुष्कळदा त्यामुळेच हलतात. ह्या मुलांत क्रिप्टोस्पोरिडियमवर नेमके औषध देऊन जेवढे साधत नाही, तेवढे ह्या मूळच्या औषधाने साधते. परंतु त्या आजीस आपण काय सांगतो? ‘कोणास कळू देऊ नका.’ मग तीही डबी तशीच, चिठ्ठीवाचून पाठविते. आम्ही तिला दोष देण्यास लायक नाही. आमच्या मुलीचा आजार त्या मानाने कितीतरी निर्दोष समजला जाणारा, तरी आम्ही तो लपविलाच. एवढे मात्र सांगतो: शेजाऱ्यापासून लपविणे आणि तपासणाऱ्यापासून लपविणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. शेजाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. तपासणाऱ्यास ठाऊक नसेल तर तो अंधारात चाचपडतो. गल्लीतल्या प्रयोगशाळेचा संकोच वाटत असेल तर चार गल्ल्या पलीकडच्या प्रयोगशाळेत जावे, पण चिठ्ठी न्यावी.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. तिला आठ दिवस रुग्णालयात ठेवले. नायटाझोक्सानाइड नावाचे औषध दिले. पण खरा उतार पडला तो डॉक्टरीणबाईंनी प्रेडनिसोलोनची मात्रा हिशेबाने, पायरी पायरीने उतरविल्यावर. हे त्यांनी केले. आईबापांनी घरी हे कधीही करू नये. ती गोळी एकदम तोडली तर शरीर कोसळते. जलसंजीवनीचे पाणीही तिला बाईंच्या मापाने दिले, कारण मूत्रपिंडाच्या रोग्यास मिठाचे बंधन असते. इतर मुलांस अर्थातच जुलाब सुरू होताच ओ.आर्‌.एस्‌.ची पुडी आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी. त्यासाठी कोणत्याही तपासणीची वाट पाहावयाची नसते. जुलाब चौदा दिवसांवर गेले, किंवा नाजूक मूल असेल तर दोन-तीन दिवसांतच, डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

घरी आल्यावर आईच्या ओट्यावर दोन दिवे दिसू लागले. एकावर काचेची नळी, शेजारी शेगडीवर मोठे पातेले. वहीत एक नवा रकाना निघाला: ‘पाणी उकळले.’ मुलीचा वाटी-पेला वेगळा झाला, कापून ठेवलेली फळे बंद झाली, सोलून खाण्याची तेवढी राहिली. घरधनी आता क्लोरीनचे नाव काढीत नाहीत.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा शौच तपासावयास पाठवावयाचे होते. आम्ही डबी घेऊन उठलो तो आजीबाईंनी ती आमच्या हातून घेतली. सुनेने लिहिलेली चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ धरली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, तरी धरली.

“गोळीचं नाव लिहिलंस?”

“लिहिलं, आत्याबाई.”

“किती मिलिग्रॅम ते?”

“तेही लिहिलं.”

मग त्यांनी पायांत चपला सरकविल्या, छत्री घेतली, आणि “पाहुणे, तुम्ही बसा, चहा घ्या,” असे म्हणून त्या स्वतःच गल्लीतल्या त्याच प्रयोगशाळेकडे निघाल्या.